अर्धी घडी

टाळकऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. मग पान उलटायचं कधी? हरिपाठाची पुस्तिका मांडणाऱ्याने हा प्रश्न सर्वांत आधी स्वतःला विचारायला हवा. आम्ही इतकी वर्षं ज्या पुस्तिका वापरल्या, त्यांत तो कुणी विचारलेला नव्हता. अभंगाच्या दोन ओव्या उजव्या पानाच्या तळाशी, उरलेल्या दोन पलीकडच्या पानावर. ऐन लयीत टाळ मांडीवर ठेवायचे, चिकटलेलं पान बोटाने सोडवायचं, उलटायचं, तोवर मंडळी पुढे गेलेली. ज्यांना पाठ आहे ते म्हणत राहतात, ज्यांना नाही ते ओठ मिटून पुढच्या अभंगाची वाट पाहतात. असं दर चार-पाच मिनिटांनी होतं.

आम्ही म्हणजे मनवेलपाड्यातली पंचवीस-तीस माणसं. विरारला पूर्वेकडे उतरून मनवेलपाड्याच्या रस्त्याला लागलं, की दोन्ही बाजूंच्या इमारतींत कोकण आणि घाट भिंतीला भिंत लावून राहतात. जीवदानीच्या डोंगरावर दिवे लागतात त्या सुमाराला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सतरंज्या पडतात. निम्म्यांचा हरिपाठ लहानपणीच तोंडात बसलेला आहे. बाकीच्यांचं आयुष्य लोकल गाडीत गेलं, तेव्हा ते आत्ता साठीत पाठ करतायत, त्यांना हातात कागद लागतो. गेल्या आषाढीच्या आधी आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांच्यासाठी एक पुस्तिका तयार केली. वहिनींनी वीसेक वर्षं डीटीपीचं काम केलेलं आहे. पेजमेकरवर सुरुवात, पुढे इनडिझाइन. लग्नपत्रिका, शाळेच्या स्मरणिका, पतपेढ्यांचे अहवाल, सगळं हाताखालून गेलेलं.

हरिपाठाच्या अभंगांवर मोठमोठ्या अधिकारी माणसांनी लिहिलेलं आहे. मी त्या वाटेला जात नाही. मला या सोळा पानांची मांडणी वाचायची आहे, एखादी कविता वाचावी तशी. ती तशी वाचण्याजोगी आहे हे मला वर्षभर ती हातात धरल्यावर कळलं.

आधी वस्तू पाहू. उंची १४८ मिलिमीटर, रुंदी १०५. म्हणजे ए-फोर कागदाचा चौथा हिस्सा. झेरॉक्सच्या दुकानात मिळतो तोच ७० ग्रॅमचा पांढरा कागद, मध्ये दोन पिना. वेगळं जाड मुखपृष्ठ नाही. पहिलं पान तेच मुखपृष्ठ, सोळावं तेच मलपृष्ठ. एका पुस्तिकेला दोन ए-फोर लागतात, त्यामुळे तिचं वजन नऊ ग्रॅमही भरत नाही. सदऱ्याच्या खिशात ठेवली तर खिसा ओढला जात नाही. मुखपृष्ठावर मधोमध ‘हरिपाठ’ आणि खाली ‘संत ज्ञानेश्वर’. फोटो नाही, वेलबुट्टी नाही, देणगीदारांची नावं नाहीत. त्या नावांवरून मंडळात दोन संध्याकाळी चर्चा झाली होती. वहिनींनी एकच सांगितलं, की एक पान वाढवलं तर चार वाढतील. पुस्तिकेचं हे अगदी पहिलं व्याकरण आहे. कागदाला मध्ये घडी घातली की त्याची चार पानं होतात, तीन होत नाहीत. पुस्तिका चारच्या पटीतच वाढते.

सोळा पानं म्हणजे चार कागद, मधोमध दुमडून एकात एक बसवलेले. या पिना काढून कागद वेगळे केले तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. सर्वांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला सोळावं आणि पहिलं पान शेजारी, त्याच कागदाच्या पाठीवर दुसरं आणि पंधरावं. दुसऱ्या कागदावर चौदावं-तिसरं, पाठीवर चौथं-तेरावं. तिसऱ्यावर बारावं-पाचवं, पाठीवर सहावं-अकरावं. अगदी आतल्या कागदावर दहावं-सातवं, आणि पाठीवर आठवं-नववं. कुठलीही जोडी घ्या, बेरीज सतरा. पानांची एकूण संख्या अधिक एक. हातात पुस्तिका उघडल्यावर जी पानं शेजारी दिसतात, ती कागदावर एकमेकांची शेजारी नसतात. दुसरं आणि तिसरं पान आपण एका नजरेत वाचतो, पण ती दोन वेगळ्या कागदांवर छापलेली आहेत. याला एकच अपवाद आहे, मधलं उघडं. आठ आणि नऊ. तिथे मात्र शेजारी दिसणारी पानं खरोखरच एका कागदाची असतात, आणि तिथेच पिना दिसतात. या मधल्या पानाकडे मी पुन्हा येणार आहे.

हे गणित संगणकाने आणलेलं नाही. खिळ्यांच्या छापखान्यातही सोळा पानांचा फर्मा असाच लावत. मोठ्या तावाच्या एका बाजूला आठ पानं, दुसऱ्या बाजूला आठ. काही पानं डोकं खाली करून बसवलेली, कारण तावाला तीन घड्या पडल्या की तीच सरळ होतात. तिथेही शिवणीच्या घडीच्या अल्याड-पल्याडच्या पानांची बेरीज सतराच. जुळारी उलटी अक्षरं वाचायचा, आणि फर्मा लावणारा उलटसुलट पानं वाचायचा. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पहिलं मराठी पंचांग छापलं आणि १८६९मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हापासून मराठी पुस्तकामागे अशी कुणाची तरी घडीची आकडेमोड उभी आहे. वाचकाला तिचा पत्ता लागू नये, यातच त्या माणसाचं कसब.

त्याआधीची पोथी या भानगडीत पडत नव्हती. पोथीची पत्रं सुटी. आडवं पत्र वाचायचं, वर उलटायचं, पाठ वाचायची, बाजूला ठेवायचं. घडी नाही, शिवण नाही, पहिल्या पत्राचा शेवटच्या पत्राशी काही संबंध नाही. क्रम बिघडला तर पत्रांक पाहून लावून घ्यायचा. वारकऱ्यांच्या हातात पोथीपेक्षा वही आणि बाड जास्त असायचं, शिवलेलं, प्रवासाला सोयीचं. आमची पुस्तिका त्या वहीची वंशज आहे. तुकोबांच्या वह्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या पोथ्या असत्या तर इंद्रायणीत पत्रं पांगली असती, असं मला उगाच वाटत राहतं.

आता मजकूर. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग सत्तावीस, आणि फलश्रुतीचा धरून अठ्ठावीस. बहुतेक अभंग चार ओव्यांचे. ओवी दोन ओळींत मांडली की एका अभंगाच्या आठ ओळी, वर क्रमांकाची एक, म्हणजे नऊ. अशा दोन अभंगांच्या अठरा, आणि दोहोंमध्ये एक ओळ मोकळी. एकोणीस. वहिनींनी अक्षर १४ पॉइंटचं घेतलं आणि दोन ओळींतलं अंतर १७ पॉइंटचं, म्हणजे जवळजवळ बरोबर सहा मिलिमीटर. एकोणीस ओळींना ११४ मिलिमीटर लागतात. १४८मधून ११४ गेले, उरले ३४. त्यातले बारा वर सोडले, बावीस खाली.

खाली एवढी जागा का, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कळलं नव्हतं. वाटलं, पान रिकामं राहिलंय. मग एकदा सकाळच्या लोकलमध्ये उभ्याने पुस्तिका काढली. विरार लोकलच्या भजनी डब्यातून ज्यांनी प्रवास केलाय त्यांना ती गर्दी सांगायला नको. एका हाताने वरची कडी, दुसऱ्या हातात पुस्तिका, आणि ती उघडी धरायला अंगठा मध्ये खाली. माझा अंगठा बरोबर त्या बावीस मिलिमीटरांत बसला. एकही अक्षर झाकलं गेलं नाही. मी त्या क्षणी त्या बाईंना मनातून नमस्कार केला. हा समास अंगठ्यासाठी मोजून ठेवलेला होता.

प्रत्येक पानावर दोन अभंग, म्हणजे उघड्या पुस्तिकेत एका वेळी चार. एकही अभंग पानावरून पानावर सांडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर एक ते चार, चौथ्या-पाचव्यावर पाच ते आठ, सहाव्या-सातव्यावर नऊ ते बारा. पान उलटायची वेळ चार अभंगांनंतर येते, आणि तीसुद्धा अभंग संपल्यावर, जेव्हा ध्रुपदाचा गजर चालू असतो आणि गजराला कागद लागत नाही. त्या गजरात टाळाचा एक हात सुटतो, पान उलटतं, पुढचा अभंग डोळ्यांसमोर. संपूर्ण हरिपाठात अशी सहा पलटणं. जुन्या पुस्तिकेत ती आठ होती, त्यांतली पाच ऐन अभंगात. मी मोजली.

मांडणीत ‘मजकूर ओतणं’ असा एक शब्द आहे. फाइलमधून मजकूर उचलायचा, पहिल्या पानाच्या चौकटीत ओतायचा, तो वाहत पुढच्या पानांवर जातो आणि जिथे संपतो तिथे संपतो. सॉफ्टवेअर हे काम क्षणात करतं. कादंबरीला ते चालतं. अभंगाला चालत नाही, कारण अभंग हा श्वासाचा आहे, आणि पानाची कड हा श्वासात आलेला अडसर आहे. वहिनींनी मजकूर ओतला नाही. प्रत्येक अभंगाला आपली जागा दिली आणि मग पानं मोजली. दोघांतला फरक पुस्तिका हातात घेतल्यावर पहिल्या मिनिटात कळतो. जुन्या पुस्तिकेत माणूस कागदाच्या मागे धावायचा. इथे कागद थांबून राहतो.

अठ्ठावीस अभंग, पानाला दोन, म्हणजे चौदा पानं. पुढचं एक आणि मागचं एक, झाली सोळा. हिशेब इतका चोख बसतो की कुणालाही मोह व्हावा. पण तो बसत नाही. आम्ही म्हणतो त्या पाठात सत्ताविसावा आणि अठ्ठाविसावा हे दोन अभंग सहा-सहा ओव्यांचे आहेत. एकेकाच्या तेरा ओळी. दोन्ही पंधराव्या पानावर टाकले तर मधली ओळ धरून सत्तावीस ओळी होतात, आणि पानावर जागा एकोणीस ओळींची. अशा वेळी काय करतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय: शेवटच्या पानावर अक्षर अचानक बारीक होतं. नमन मोठ्या अक्षरात आणि निरोप मुंगीच्या पावलांनी. म्हातारी माणसं चष्मा कपाळावर नेतात, पुस्तिका नाकाशी आणतात, आणि शेवट गुणगुणून सोडून देतात.

इथे वहिनींनी जे केलं ते मला या मांडणीतलं सर्वांत सुंदर वाटतं. सत्ताविसावा अभंग पंधराव्या पानावर एकटा ठेवला. अठ्ठाविसावा, फलश्रुतीचा, उचलून सोळाव्या पानावर नेला. मलपृष्ठावर. बाहेर.

प्रत्यक्षात काय होतं पाहा. सत्ताविसावा संपतो. गजर सुरू होतो. हात पान उलटायला जातो, आणि उलटण्यासारखं पान उरलेलंच नसतं, पुस्तिका मिटते. मिटलेल्या पुस्तिकेच्या पाठीवर फलश्रुती असते. हरिपाठाचा शेवटचा अभंग आम्ही मिटलेली पुस्तिका धरून म्हणतो. तो अभंग स्वतः हरिपाठाबद्दलच बोलतो, आपण आत्ता काय म्हटलं, कितीदा म्हणावं, म्हटल्याने काय होतं, हे सांगतो. तो हरिपाठाच्या आतला असून बाहेर उभा राहून बोलतो. त्याची जागा पुस्तकाच्या बाहेरच्या अंगावर असणं याहून योग्य काय असेल? पहिल्या संध्याकाळी हे घडलं तेव्हा समोर बसलेल्या एका आजींनी पुस्तिका मिटली, पालथी करून मांडीवर ठेवली, आणि पुढे न बघता म्हणत राहिल्या. त्यांना पाठ होतं. पण त्यांच्या मांडीवर अक्षरं वर तोंड करून होती.

पंधराव्या आणि सोळाव्या, दोन्ही पानांच्या तळाशी सहा-सहा ओळींची मोकळी जागा राहिली. तिथे शंख-चक्र टाका, तुळशीवृंदावन टाका, असं एकाने सुचवलं. वहिनींनी काही टाकलं नाही. मीही तेच केलं असतं. सव्वीस अभंगांपर्यंत पान भरून वाहतं, आणि शेवटी गायकाने स्वर सोडून देऊन नुसती तार ऐकू द्यावी तसं ते रिकामं होत जातं. तिथे चित्र आलं असतं तर ते ऐकू आलं नसतं.

आता पिना काढून पाहिलेल्या त्या कागदांकडे परत जाऊ. बाहेरच्या कागदाच्या आतल्या बाजूला दुसरं आणि पंधरावं पान शेजारी छापलेलं आहे. दुसऱ्यावर पहिला अभंग, पंधराव्यावर सत्ताविसावा. पहिल्या अभंगात देवाच्या दारी क्षणभर उभं राहण्याची गोष्ट आहे. सत्ताविसावा सांगतो, की अर्धी घडीही रिकामं राहू नकोस. हरिपाठाच्या दोन टोकांना काळाची दोन मापं आहेत, एकीकडे क्षण, दुसरीकडे अर्धी घडी. आणि या पुस्तिकेत ती एकाच कागदावर समोरासमोर आहेत, मध्ये कागदाची घडी. मराठीत काळाच्या घडीला आणि कागदाच्या घडीला एकच शब्द आहे. पुस्तिका बांधलेली असते तेव्हा ही दोन पानं एकमेकांना कधीच दिसत नाहीत. मध्ये सगळा हरिपाठ असतो. छापून आलेला सुटा कागद वाळत असतानाच ती शेजारी दिसतात, म्हणजे फक्त छापणाऱ्याला आणि पिना मारणाऱ्याला. वाचकाच्या वाट्याला न येणारं हे दर्शन त्या माणसाच्या वाट्याला येतं.

आणि मधलं पान. आठव्यावर तेरावा आणि चौदावा अभंग, नवव्यावर पंधरावा आणि सोळावा. चौदावा संपतो तिथे अठ्ठाविसांतले निम्मे झालेले असतात, आणि बरोबर तिथेच कागद दुमडलेला आहे, पिनांची दोन टोकं तिथेच वळलेली आहेत. जुन्या घडीच्या हिशेबाने घडी म्हणजे २४ मिनिटं. आमचा हरिपाठ साधारण तेवढाच चालतो. मधलं पान उघडतं तेव्हा अर्धी घडी होत आलेली असते. घडी ओलांडली की पहिला अभंग येतो तो पंधरावा, आणि त्याचा विषय आहे अद्वैत. संपूर्ण पुस्तिकेत फक्त याच ठिकाणी शेजारची दोन पानं म्हणजे एकच अखंड कागद असतो. बाकी सगळीकडे दोन दिसतात ती दोनच असतात. इथे दोन दिसतात आणि एक असतं.

मी हे वहिनींना दाखवलं. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, मधलं पान बोटाने दाबून सपाट केलं, आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, हे मी केलेलं नाही. मी फक्त अभंग मोडू दिले नाहीत.”

मला ते उत्तर पुरतं. वृत्तात लिहिणाऱ्या कवीलाही यमक कधीकधी असं काही देऊन जातं, जे त्याने शोधलेलं नसतं. पण ते वृत्त पाळणाऱ्यालाच मिळतं. चारच्या पटीत पानं, सतराची बेरीज, पानाला एकोणीस ओळी, अभंग मोडायचा नाही, अक्षर लहान करायचं नाही: हेच या मांडणीचं वृत्त. तिथे एक नियम जरी सैल सोडला असता तर चौदावा अभंग घडीवर आला नसता.

अक्षराबद्दल थोडं. वहिनींकडे जुन्या पद्धतीचे फाँट भरपूर होते, श्रीलिपीचे, इतर. त्यांचं वळण छान असतं, पण त्यांत टाइप केलेला मजकूर दुसरीकडे नेला की त्याची अक्षरं राहत नाहीत, चिन्हांचा कचरा होतो. हा मजकूर लोकांच्या फोनवरही जायचा होता, शोधता यायला हवा होता, म्हणून युनिकोड. अक्षर निवडलं ते ‘टिरो देवनागरी मराठी’. मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या ग्रंथमालेसाठी घडवलेल्या अक्षरकुळातलं, कुणालाही मोफत वापरता येणारं. त्यात ल मराठी वळणाचा, पाकळ्यांचा आहे, आणि श देठाचा. फोनवर हिंदी वळणाचा ल पाहून पाहून आपले डोळे सरावलेत, पण अभंगात ‘विठ्ठल’ वाचताना तो परका वाटतो. या अक्षराला ठळक रूप नाही, साधं आणि तिरपं एवढंच. त्यामुळे अभंगाचा क्रमांक ठळक करता आला नाही. त्याला फक्त स्वतःची ओळ आणि थोडी हवा मिळाली. माझ्या मते तेच बरं झालं. काळ्या ठळक आकड्यांनी पान अडवलं असतं.

मुद्रितं तपासायला मी होतो. जुन्या मराठीतले अनुस्वार हा त्यातला मोठा भाग. ‘घरीं’, ‘मुखीं’, ‘तेणें’ यांतलं टिंब म्हणजे विभक्ती आहे, ती गाळली की अर्थ लंगडतो. रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले की छोट्या आकारात ते एकमेकांवर चढतात. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला देवनागरी समजणारा कंपोझर लावला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, ‘हरि’ची दशा बघवत नाही. पहिल्या प्रुफात एका पानावर तसं झालं होतं. सोळा पानांत मला एकूण एकवीस चुका सापडल्या, त्यांतल्या पंधरा टिंबांच्या.

आता छपाई, जिथे सगळ्यांचे हात पोळतात. वहिनींनी फाइल साध्या क्रमाने बांधली होती, एक ते सोळा, समोरासमोर पानं. कागदावरची उलटी जोडणी शेवटी, इनडिझाइनच्या ‘प्रिंट बुकलेट’ने. हा आदेश थेट पीडीएफ देत नाही, छपाईच्या वाटेने आभासी प्रिंटरमधून ती काढून घ्यावी लागते. म्हणून दोन पीडीएफ झाल्या. एक वाचायची, सरळ क्रमाची, फोनवर पाठवायला. दुसरी छापायची, सोळा-एक, दोन-पंधरा अशी. दोन्हींची नावं जवळजवळ सारखी होती, आणि ती चूक माझी. मी मंडळाच्या ग्रुपवर छापायची पाठवली. अर्ध्या तासात मला फोन: पहिल्या अभंगाशेजारी सत्ताविसावा आलाय, फलश्रुती सुरुवातीलाच आहे, असं कसं? मी ज्यांना समजावलं त्यांतल्या दोघांनी नंतर घरी कागद दुमडून स्वतः आकडे घातले आणि सतराची बेरीज करून पाहिली. मला त्याचा फार आनंद झाला.

दुकानात वेगळंच झालं. लावलेली पीडीएफ दिली होती, तरी मशीनवरच्या मुलाने सवयीने छापताना ‘बुकलेट’चा पर्याय निवडला. आधीच जोडलेल्या पानांची पुन्हा जोडणी झाली. कागदावर चार-चार इवली पानं, क्रमाचा मेळ नाही. ते थांबवून नीट लावलं तर पाठीची बाजू डोक्यावर उभी आली, कारण कागद आखूड कडेवर उलटत होता. उभ्या कागदावर एकाखाली एक प्रती असल्या की तो लांब कडेवर उलटावा लागतो, तरच दोन्ही बाजूंची डोकी एका दिशेला येतात. वहिनी दुकानात उभ्या राहिल्या. त्या मुलाला रागावल्या नाहीत. एक कोरा कागद घेतला, दुमडला, चारही पानांवर पेनाने आकडे आणि बाण काढले, आणि मशीनला चिकटवून दिला. तो कागद अजून तिथे आहे. ए-फोरवर एकाखाली एक दोन प्रती, चार कागदांत दोन पुस्तिका; ३०० प्रतींना ६०० कागद. छापून झाल्यावर मधोमध कापले, घड्या घातल्या. घड्या आम्ही घातल्या, तळमजल्यावर, सतरंजीवर बसून, नखाने दाब देत. लांब तोंडाचा स्टेपलर एकाकडे होता.

कागद एकात एक बसवले की आतले कागद बाहेर सरकतात, त्यांच्या कडा डोकावतात. चौसष्ट पानांच्या पुस्तिकेत हे सरकणं दीड मिलिमीटरपर्यंत जातं आणि आतल्या पानांचा मजकूर घडीकडे ओढून घ्यावा लागतो. चार कागदांत ते नखाइतकंही होत नाही. तरी वहिनींनी शेवटी कड कापून घेतली. मी हात फिरवला. सोळा पानांची कड एका रेषेत.

दिवाळीनंतर मोठ्या अक्षराची मागणी आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलेल्या तिघी-चौघी होत्या. मला वाटलं, सगळं पुन्हा मांडावं लागेल. वहिनींनी तीच फाइल दुप्पट कागदावर टाकली. ए-मालिकेच्या कागदाची गंमत अशी, की अर्धा केला तरी त्याची लांबी-रुंदी एकाच प्रमाणात राहते, एकास १.४१. म्हणून ए-सिक्सची पुस्तिका ए-फाइव्हची केली तर कुठे काही तुटत नाही. चौदाचं अक्षर जवळजवळ वीस पॉइंटचं झालं, बावीसचा समास एकतीसचा. अभंग त्याच जागी, घडी त्याच जागी, फलश्रुती मलपृष्ठावर. एका सतरंजीवर लहान आणि मोठी पुस्तिका शेजारी असली तरी दोघांची पानं एकाच क्षणी उलटतात.

या आषाढीला मंडळाला पसायदान हवं आहे. मागणी रास्त आहे, हरिपाठानंतर आम्ही ते म्हणतोच. ज्ञानेश्वरीच्या शेवटाकडच्या नऊ ओव्या, म्हणजे एक पान. एक पान वाढवलं की चार वाढणार, पुस्तिका वीस पानांची होणार, बेरीज एकवीसची. मधलं पान सरकणार. काल संध्याकाळी वहिनी पाच कोरे कागद घेऊन खाली आल्या. एकात एक दुमडले, पेन्सिलीने पहिल्या पानावर १ घातला, मागे २०. मी म्हटलं, “फलश्रुती मागेच राहू दे.” त्यांनी मान हलवली, दहाव्या-अकराव्या पानावर कागद उघडला, आणि तिथे कुठला अभंग येतो ते मोजायला लागल्या.